आधी वास, मग पैसे

३ नोव्हेंबर, सोमवार

आणि म्हणे नाक माझंच गेलंय! कॉफी जळकी लागतेय हे मी चौथ्यांदा सांगितलं, तर काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "दिवसभर ब्लीचिंग पावडर हुंगणाऱ्यानं माझ्या कॉफीला नावं ठेवायची म्हणजे कमाल आहे. जळलंय ते तुझं नाक." बाकावरची दोन गिऱ्हाइकं हसली. मी पण हसलो, पण आतून तापलो होतो. पंचवीस रुपये देतो मी. फुकट पीत नाही.

काकांचं दुकान म्हणजे मंदाकिनी कॉफी वर्क्स, बिबवेवाडीत, शाळेच्या मागच्या गल्लीत. मंदाकिनी म्हणजे काकू. काकांचं नाव शरच्चंद्र, पण त्या नावानं त्यांना फक्त वीजबिल येतं. मागच्या खोलीत बिया भाजायचा ड्रम, मध्ये दळायची चक्की, पुढं काउंटर आणि तीन बाकं. लोक पावडर न्यायला येतात. ज्याला बसायला वेळ आहे त्याला काकू फिल्टरची कॉफी देतात, स्टीलच्या पेल्यात.

मी सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुतो. टाकीतून वर आलो की केसाला, हाताला, थुंकीलासुद्धा ब्लीचिंगचा वास. अशात एकदा त्या गल्लीच्या तोंडाशी भाजणाऱ्या कॉफीचा वास आला आणि मी वासामागं चालत आत शिरलो. त्याला दीड वर्ष झालं. त्याआधी आयुष्यात कॉफी दोनदा प्यालो असेन, दोन्ही वेळेला कुणाच्या तरी लग्नात. आता एक दिवस चुकत नाही. आठ कामं धरली आणि सोडली, ही जागा नाही सोडली.

म्हणून तर बोलतो. परक्या दुकानात जळकी दिली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडं गेलो असतो. भांडायला कशाला बसलो असतो?

६ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून सोसायट्या टाक्या रिकाम्या करतात, आणि आम्हाला मरायला फुरसत नसते. धायरीत तीन इमारती केल्या. तिसरीच्या टाकीत उतरलो तेव्हा डोळ्यातून पाणी आलं. बाहेर आल्यावर माऊलीला विचारलं, "खरं सांग, माझं नाक गेलंय का रे?" माऊली माझ्याबरोबर पंप धरतो, खोलीवर पण बरोबर राहतो.

"स्वतःचे मोजे हुंग," म्हणाला. "उभा राहिलास तर गेलंय."

खोलीवर आल्यावर त्यानं माझ्या डोळ्यावर टॉवेल बांधला आणि एकेक वस्तू नाकाखाली धरली. हिंग ओळखला. साबण ओळखला, नवा आणि झिजलेला वेगळा. कांदा तर कुणीही ओळखेल. हळद धरली तेव्हा मी छाती काढून म्हणालो, ही आमच्या वसमतची. आमचा हळदीचाच धंदा, लहानपणापासून तोच वास. माऊलीनं पाकीट वाचलं. भोसरीत भरलेली होती.

तरी हळद ओळखली ना? गावाचं राहू दे.

९ नोव्हेंबर, रविवार

रणजितदादाचा फोन. दर रविवारी तेच.

"जानेवारीत हळद निघंल. येणारेस का नाही ते आत्ता सांग."

म्हटलं, बघतो.

"काय बघतो? ड्रमवर माणूस भेटना गेलाय. अन् तू तिथं लोकायच्या टाक्या धुवायलास अन् कॉफ्या प्यायलास."

आमच्याकडं हळद शिजवायचं मशीन आहे आणि पॉलिशचा मोठा ड्रम. शिजून वाळलेली हळद त्यात फिरवायची, साल निघते, रंग येतो. गावोगाव भाड्यानं नेतो. दादा ते बघतो. मी नववीत शाळा सोडल्यावर दोन हंगाम ड्रमवर होतो, मग सोडून आलो. भांडण असं काही नव्हतं. दिवसभर एकच आवाज, एकच गोल. मला वाटायचं माझंच पॉलिश चाललंय.

दादा शेवटी म्हणतोच, "तू कुठंच टिकत न्हाईस, समाधान." आणि मग आई मागून ओरडते, "फोन दे हिकडं, लेकराला जेवला का इचारू दे."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा जळकी. परवा मात्र कच्ची होती, गवतासारखी. म्हणजे रोज जळत नाही, मूड असेल तसं होतं.

दुकानात तीन गोष्टी बदलल्यात. एक, काकूंनी अंडी उकडायचा टायमर आणून ड्रमपाशी ठेवलाय. काका आधी कधी घड्याळ बघायचे नाहीत. "डोळे फसवतात, घड्याळ फसवतं, नाक फसवत नाही," असं म्हणायचे आणि ड्रमजवळ नुसते उभे राहायचे, देवळात उभं राहावं तसे. एकदम म्हणायचे, "आता!" आणि दार उघडायचे. आता टायमर टिर्रर वाजतो तेव्हा उघडतात.

दोन, काकू कॉफीत जायफळ टाकायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, थंडी आहे ना. कुठं आहे थंडी?

तीन, दुकानाची पद्धत. पावडर तोलायच्या आधी काका चिमूटभर तळहातावर घेतात, स्वतः वास घेतात, मग गिऱ्हाइकापुढं हात धरतात. "आधी वास, मग पैसे." नवीन माणूस बावचळतो, जुना नाक पुढं करूनच येतो. तर हल्ली काका स्वतः घेत नाहीत. चिमूट काढतात आणि सरळ गिऱ्हाइकापुढं धरतात. वय झालं की माणूस आळशी होतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वाईट झालं.

सौमित्र आला होता. हिंजवडीतल्या कंपन्यांच्या कँटीनला कॉफी पुरवतो, स्वतःची छोटी व्हॅन आहे. आधी त्याचे वडील यायचे, आता तो. काकांची निम्मी पावडर एकटा नेतो. आज त्यानं डबाच परत आणला.

"काका, सॉरी, पण कंप्लेंट आलीय. बर्न्ट लागतेय म्हणाले सगळे."

"बर्न्ट म्हणजे जळकी," काका म्हणाले. "मराठीत सांग, मला कळतं."

"जळकी."

"कळलं."

बस. एवढंच. वाद नाही, टोमणा नाही. मला तेच विचित्र वाटलं. मी म्हटलं की माझं नाक काढतात आणि त्यानं म्हटलं की कळलं! सौमित्र म्हणाला, महिनाभर दुसरीकडून घेतो, मग सॅम्पल बघायला येतो. गाडी सुरू करून पुन्हा उतरला आणि काकांच्या पाया पडून गेला.

काकूंनी तो डबा काउंटरखाली ठेवला. झाडांना घालू म्हणाल्या. मग मला पेला देताना काका म्हणाले, "पिऊन घे. मार्चनंतर हे दुकान बंद." काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरीच." काका म्हणाले, "काहीतरीच काय? निम्मं गिऱ्हाईक गेल्यावर भाडं कशातून द्यायचं, तुझ्या जायफळातून?"

मी पूर्ण पेला संपवला. जळकी होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कामात लक्ष नव्हतं. सारखं मनात, मार्चनंतर कुठं बसायचं. चहाच्या टपऱ्या आहेत, मोठी गार हवेची कॉफीची दुकानं पण आहेत. एकदा गेलो होतो तसल्यात. पोरानं कपावर लिहायला नाव विचारलं, मी सांगितलं समाधान, त्यानं सॅम लिहिलं. कॉफी बरी होती. पण तासभर बसलो आणि एक माणूस बोलला नाही. इथं निदान नाक तरी काढतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बिबवेवाडीतच काम होतं, म्हणून दुपारीच दुकानात गेलो. गल्लीत असतानाच गॅसचा वास आला. वाटलं कुणाच्या घरातून येतोय. दुकानाच्या पायरीवर चढलो तर हा एवढा! काका काउंटरला पेपर वाचत बसलेले. शेजारीच शेगडी, वर दुधाचं पातेलं, दूध उतू जाऊन विझलेली, आणि गॅस चालू. मी उडी मारून बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, काकांना धरून बाहेर काढलं. शटर पूर्ण वर सारलं.

"अरे, हो हो हो," काका म्हणाले. "पेपर तरी घेऊ दे."

"काका, गॅस! एवढा वास सुटलाय!"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मी उठणारच होतो."

काकू बँकेतून आल्या. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला. खुर्चीवर बसल्या आणि पिशवी मांडीवर तशीच. मला वाटलं होतं चांगला अर्धा तास झाप बसेल काकांना, त्यांचं लक्षच नसतं हल्ली. पण दोघं नुसती एकमेकांकडं बघत होती, मी तिथं नसल्यासारखी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काका स्वतःहून म्हणाले, "या, टाकीसाहेब. आपल्या नाकाचं काय ठरवलंत?"

"काय ठरवायचंय?"

"दुरुस्त करायला हवं. उद्यापासून सकाळी सहाला यायचं. भाजताना उभं राहायचं. मी विचारीन तो वास सांगायचा. महिनाभरात माणसात येशील."

"आणि बरोबर सांगितला तर?"

"तर मी मान्य करीन की टाकी धुणाऱ्यालासुद्धा नाक असतं."

मी म्हटलं, येतो. बघूच. काकू आतून म्हणाल्या, "तंबाखू खाऊन आलास तर दारातून परत पाठवीन." यांचा काय संबंध?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सहाला गेलो. ड्रम छोटा आहे, आमच्या हळदीच्या ड्रमापुढं खेळणं. पण फिरतो तसाच. खडखड तीच.

काका पाठमोरे उभे. "सांग."

"ओला वाटाणा."

"हं. आता?"

"वाळलेलं गवत."

"आता?"

"भाकरी. तव्यावरची, उलटायच्या आधीची."

"तुला भूक लागलीय," काका म्हणाले. मग बिया तडतडायला लागल्या. "आता सांग नीट."

मी नीट वास घेतला. शेंगदाणे, मग त्याच्या मागून गूळ. कढईत लागायच्या आधीचा. म्हटलं, "गूळ आला." काका तसेच पाठमोरे. मी म्हटलं, "काका, काढा ना! आता धूर येईल!" त्यांनी दार उघडलं. बिया बाहेर पडल्या, तपकिरी, सारख्या. टायमर त्यानंतर बऱ्याच वेळानं वाजला.

"बरोबर होतं का?"

"मला तुझ्या आधीच आला होता," काका म्हणाले. "तू बोलतोस का ते बघत होतो."

म्हणजे परीक्षा. पण संध्याकाळी ती कॉफी प्यालो आणि सांगतो, दीड वर्षापूर्वी गल्लीतून आत ओढून घेतलं तीच होती ही. काकूंनी जायफळ टाकलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रोज जातो. रोज तेच, "सांग", "आता?", "मला आधीच आला होता." एकदा मी मुद्दाम गप्प राहिलो, बघू म्हटलं काका कधी काढतात. काका वळले. मी बघितलं, त्यांचे डोळे माझ्या तोंडावर. बियांवर नाही. मी घाबरून "काढा" म्हटलं. जरा उशीर झाला. तो घाणा त्यांनी दळला नाही, कचऱ्यात टाकला, आणि मला म्हणाले, "पुन्हा असली चेष्टा करायची नाही." आवाज चढवला नाही, पण मला नववीत मारलेल्या छडीपेक्षा जास्त लागलं. चेष्टा आहे हे कसं कळलं यांना?

तंबाखू सोडली. वासात मध्ये येते. माऊली म्हणतो, लग्न ठरलंय काय?

१ डिसेंबर, सोमवार

गावचा एक जण ट्रॅव्हल्सनं वसमतला चालला होता, त्याच्याबरोबर आईला पाव किलो पावडर पाठवली. मी उभा राहून भाजलेली. काकांनी पैसे घेतले. पण तोलताना काटा खाली गेल्यावर पण एक चमचा टाकला.

७ डिसेंबर, रविवार

आईचा फोन. "लई कडू हाय रे ते. मी गूळ टाकला, दूध टाकलं, लई उकळलं, तरी तळाला माती राहायलीय."

काकूंसारखा फिल्टर लागतो हे सांगायचंच राहिलं. चहासारखी उकळली, आणि चहाची गाळणी मोठ्या भोकाची, सगळा गाळ पेल्यात.

"मग फेकली?"

"फेकू कशाला? चावून खाल्ली. तू पाठवलीस ना. पर डोकं दुखायचं थांबलं."

मग दादा. "काढा पाठवलास काय रे? कुणाच्या वैद्याकडं लागलास?" मी सांगितलं, मी भाजली आहे. "म्हंजे कसं भाजतेत?" मी सांगितलं, ड्रममध्ये. "आपल्यावानी?" आपल्यासारखाच, पण लहान, आणि खाली जाळ. "बेअरिंगला ग्रीस कोण लावतंय?" मला माहीत नव्हतं. "बघून घे," म्हणाला. आणि पहिल्यांदा असं झालं की येणार का नाही ते न विचारता फोन ठेवला.

सोमवारी जाऊन आईसाठी पितळेचा छोटा फिल्टर बघणार.

१५ डिसेंबर, सोमवार

आज सौमित्र सॅम्पल बघायला येणार होता. काल रविवारचा घाणा मी आणि काकांनी काढला, अगदी गुळावर. निळ्या झाकणाच्या डब्यात दळून ठेवला. काकूंनी काउंटर दोनदा पुसला. मी ठेकेदाराला पोटात दुखतंय सांगून थांबलो.

सौमित्र आला. काका म्हणाले, "बस." खालून डबा काढला, झाकण उघडलं, चिमूट तळहातावर घेतली आणि त्याच्यापुढं धरली.

सौमित्र हसला. "काका, आधी तुम्ही. बाबांनी शिकवलंय, काकांनी घेतल्याशिवाय आपण घ्यायचा नाही."

काकांनी चष्मा वर सारला. मग हात नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "उत्तम."

मी मागच्या खोलीच्या दारात होतो. तिथंपर्यंत वास आला. जळका. तो परत आलेला डबा! दोन्ही झाकणं निळीच, दोन्ही काउंटरखाली. सौमित्रनं वास घेतला आणि त्याचं तोंड उतरलं. "काका... ही तर तीच आहे."

काकांनी पुन्हा वास घेतला. "तीच कशी असेल?" म्हणाले, पण त्याला नाही, पावडरीला विचारल्यासारखे. काकू आतून हात पुसत आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मला कळेना एवढं काय गंभीर व्हायचं. मी पुढं झालो आणि म्हणालो, "सौमित्रदादा, काका परीक्षा घेतात! मला पण रोज असंच करतात. स्वतःला आधी कळलेलं असतं, आपण बोलतो का ते बघतात. मी पण पहिल्यांदा फसलो होतो." आणि काउंटरखालचा बरोबर डबा काढून वर ठेवला.

सौमित्र काकांकडं बघतोय, काका माझ्याकडं. मग सौमित्र मोठ्यानं हसला. "काय काका! बाबांना पण असंच छळायचात का? मग, पास का मी?"

काकांनी जळक्या डब्याचं झाकण लावलं.

"काठावर," म्हणाले.

नव्या डब्याचा वास त्यानं घेतला, पुन्हा घेतला, काकूंनी केलेली कॉफी प्याला, आणि म्हणाला, "अशी असेल तर जानेवारीपासून पूर्वीसारखं. पण काका, दर खेपेला अशीच पाहिजे हां. एक जरी खेप गेली तर मला तोंड दाखवायला जागा नाही." काका म्हणाले, "अशीच असेल."

तो गेल्यावर काका ड्रमकडं पाठ करून बसले. मी पेले विसळत होतो. मग म्हणाले, "समाधान."

एरवी टाकीसाहेब म्हणतात.

"नाक ठीक आहे तुझं."

लागले की नाही दीड महिना! पण कबूल केलं. खोलीवर येऊन माऊलीला सांगितलं, जिंकलो. तो म्हणाला, पार्टी दे. दिली, भेळ.

१६ डिसेंबर, मंगळवार

घाणा झाल्यावर काका दूध आणायला गेले. काकूंनी मला बाकावर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. म्हणून इथं पण लिहीत नाही.

बसच्या तिकिटाचे पैसे खिशात तसेच राहिले, चालतच धायरीला खोलीवर आलो. काल भेळ खायला नको होती.

१७ डिसेंबर, बुधवार

काका पाठमोरे उभे. ते "सांग" म्हणायच्या आत मीच म्हणालो, "वाटाणा गेला काका, गवत आलं. तुम्हाला आलंच असेल."

"केव्हाच," काका म्हणाले.

"भाकरी आली असेल तुम्हाला."

"आली."

"आणि आता तुम्ही म्हणाल, काढ."

"काढ," काका म्हणाले. मीच दार उघडलं. त्यांनी टायमर उचलून खिडकीबाहेरच्या फळीवर नेऊन ठेवला.

१८ डिसेंबर, गुरुवार

ठेकेदाराला सांगितलं, मी टाकीत उतरणार नाही, बाहेर पंप धरीन. तो म्हणाला, मग रोजचे शंभर कमी. म्हटलं, चालेल. माऊली आत उतरायला तयार झाला, पण दिवसभर टोमणे. "या, नाकवाले. साहेबांचं नाक सांभाळा रे. नाकाला गादी आणा." दुपारी डबा उघडताना म्हणाला, "पण खरंच, काय आहे एवढं त्या दुकानात?" मी म्हटलं, कॉफी.

२३ डिसेंबर, मंगळवार

काका म्हणाले, "सकाळच्या दोन तासांचे पैसे घ्यायचे." मी म्हटलं, शिकतोय तर मीच द्यायला पाहिजेत. "शिकवणी संपली. आता कामाला आहेस. रोज यायचं. रविवार नाही, सण नाही, ताप नाही. टिकशील?"

दादा विचारतो तेच. दादा विचारतो तेव्हा राग येतो. आज नाही आला. मी टाकीचं धरून नऊच्या नऊ कामं आठवून बघितली. कुठंच असं झालं नव्हतं की मी गेलो नाही तर काम अडेल. दुसरा माणूस यायचा, संपलं. टाकीत मी उतरलो काय, माऊली उतरला काय, टाकीला काय फरक? इथं मात्र.

"बघतो" म्हणायला तोंड उघडलं आणि "टिकतो" बाहेर आलं.

"बघू," काका म्हणाले.

४ जानेवारी, रविवार

डायरी डिसेंबरला संपली, मागं पत्ते लिहायची कोरी पानं आहेत त्यावर लिहितोय.

सौमित्रची पहिली खेप गेली. शनिवारी त्याचा फोन आला, काकूंनी स्पीकरवर टाकला. कंप्लेंट नाही. काका म्हणाले, "कंप्लेंट नाही हे सांगायला फोन कशाला करतो हा? पैसे जास्त झालेत." पण मार्चचं नाव पुन्हा काढलं नाही. आणि काउंटरवर पुन्हा पूर्वीसारखी चिमूट घेतात. आधी मागं वळून माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो. मग नाकाशी नेतात, डोळे मिटतात, आणि गिऱ्हाइकापुढं धरतात. मी नसताना डबे काकू काढतात.

दादाला फोन केला. आज मीच केला. सांगितलं, हळदीला येत नाही. सकाळचं काम धरलंय, सोडता येत नाही.

"सोडता येत न्हाई? तुला?"

"हां."

वाटलं आता सुरू होईल. तर म्हणाला, "आईनं तुझ्या त्या पितळी डब्यात करून दिली. गाळ न्हवता."

"मग? कशी होती?"

"होती."

आईनं मागून ओरडून सांगितलं, "दोन ग्लास प्याला की रं! अन् आजून हाय का इचारत व्हता!"

"ग्रीस कोण लावतंय ते बघितलंस का?" दादानं विषय बदलला. म्हटलं, काका दिवाळीला लावतात, वर्षातून एकदा. "वर्सातून एकदा! अरे जाळावरचं बेअरिंग हाय, खडखड करत आसंल ते!" करतं म्हटलं. "मंग? थांब, बघावंच लागंल ते एकदा."

९ जानेवारी, शुक्रवार

हळद यंदा उशिरा निघणार, महिनाअखेर. म्हणजे मधले पंधरा-वीस दिवस दादा मोकळा आहे. पण पुण्याला ये म्हटलं की हंगामाच्या तोंडावर खर्च नको म्हणतो. आई म्हणते, मी एकटी कशी येऊ, मला पुण्यात कोण ओळखतं?

काकांना विचारलं, दादाला ड्रम दाखवला तर चालेल का. म्हणाले, "हळदीचा माणूस माझ्या कॉफीच्या ड्रमला हात लावणार? पिवळी कॉफी विकायची का मी?" मग पेपरमागून, "कधी येतायत?" काकू म्हणाल्या, आईंना सांग, उतरायला आमच्याकडं. जायफळाची पूड करून ठेवते, झोप चांगली लागेल प्रवासानंतर.

घरी पाठवायचे महिन्याचे नेहमीचे पैसे एक तारखेला गेलेच आहेत. हे वेगळे, सकाळच्या कामाचे पहिले. डेपोत जाऊन वसमत-पुणे एसटीचं भाडं विचारून आलो. दादाचं पूर्ण, आईचं अर्धं. परतीचं मी इथून काढून देईन. वाटेतल्या चहाचे धरले नाहीत, आईला सांगितलंय, चहा पिऊन यायचं नाही, तोंड तसंच ठेवायचं. दादाच्या फोनवर आत्ता पाठवले. अकराशे पंच्याऐंशी रुपये.